ही रायफल डुकरांसाठी नव्हती

आप्पा,

तुमच्या फोटोशेजारी रायफल ठेवायची असं ठरलं आहे. तुमच्या रविवारच्या पाहुण्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं. मागच्या खोलीतल्या कपाटातून ती काढायची, पुसायची, फोटोच्या डाव्या अंगाला उभी करायची आणि तिलाही हार घालायचा. त्यांच्या जोडीचे ते जमिनींचा धंदा करणारे प्लॉटवाले म्हणाले, झेंडू नको, लाकडावर डाग पडेल, विलायती अक्रोड आहे तो. दोघं असे बोलत होते की जणू गेली आहे ती रायफल, आणि तुम्ही नुसते तिच्याबरोबर आलेले कुणीतरी.

मंगलताईंनी मला बोलावून सांगितलं, "सुखदेव, तेराव्याला तू दोन शब्द बोल. नऊ वर्षं तूच होतास बाबांजवळ. आम्ही काय, सुट्टीला येऊन जाणारे."

मी हो म्हटलं खरं. चार माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात प्लॉटवाल्यांनी मला विहिरीजवळ गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोल हां. आप्पांनी गवा मारल्याची गोष्ट सांग. उद्या ही वाडी माझ्याकडे आली तर रखवालदार लागणारच आहे मला." म्हणजे गवा मेला तर मी जगणार. आणि खरं बोललो तर गावाकडची, धानोऱ्याची गाडी. तिथं आता माझं कोण आहे? आई गेली, घर पडलं.

खरी सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे माझ्याजवळ. ती कुणाला सांगायची नाही, असं तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत. म्हणून आधी तुम्हालाच लिहितो.

जिवंतपणी तोंडावर बोललो नाही ते आता बोलतो. तुमची ती रायफल मला कधी आवडली नाही. बंदूक म्हटलं की तुम्ही लगेच "रायफल" म्हणून दुरुस्त करायचात, म्हणून मुद्दाम बंदूक म्हणायचो. लाकडाशी माझं भांडण नाही. मी सुतार आहे, अक्रोडाचा तसा दस्ता त्याआधी कधी हातात आला नव्हता. गालाशी येतो त्या जागी त्याच्या रेषा पाण्यात पडलेल्या ढगासारख्या. दर महिन्याला तळहातावर अळशीचं तेल घेऊन तो चोळायचा, तेल मुरेपर्यंत चोळत राहायचा, हे काम माझं आणि ते मी जीव लावून केलं. पण त्या लाकडावर बसवलेलं लोखंड म्हणजे निव्वळ मिरवणूक. तुम्ही पाहुण्यांपुढं बोल्टची दांडी उचलायचात, मागं ओढायचात, पुढं ढकलायचात, खाली दाबायचात. खट, खट. पाहुण्यांच्या हातात माझे पोहे, तोंड उघडं. मग तुम्ही म्हणायचात, "साडेतीनशे वार. मोठं जनावर. एक गोळी."

आप्पा, आमच्या गावाकडच्या रानात साडेतीनशे वारांवरचं काही दिसत नाही. बांबू, कुडा, वेली. गवा चाळीस पावलांवर असला तरी आधी त्याचा वास येतो, मग कान हलतो, मग कळतं की ही सावली नव्हे. तुमचा गवा मात्र समोरच्या टेकाडावर फोटोला उभं राहिल्यासारखा आडवा उभा. वारा डावीकडून. तुम्ही श्वास रोखलेला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भोळेपणानं विचारलं होतं, "कोणतं रान जी?"

"मध्य प्रांत."

"मध्य प्रांतात कुठं?"

"मोठा आहे तो," तुम्ही म्हणालात आणि चहा मागवलात.

मुंबईतल्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस. तुमच्या हाताला फायलीच्या नाडीचे घट्टे होते, दुसऱ्या कशाचे नव्हते. त्या रायफलीवरच्या दुर्बिणीतून तुम्ही व्हरांड्यात बसून काय बघायचात ते मला माहीत आहे. पनवेलहून नेऱ्याची एस.टी. वळणावर आली की नाही, ते बघायचात.

आणि डुकरं. एका वर्षी रानडुकरांनी नेऱ्यातली निम्मी भातं लोळवली. काशिनाथ शेजारी हात जोडून आला. "आप्पा, तुमची ती मोठी हाय ना, एकदा वाजवा. मारू नका, नुसता आवाज काढा. आमी रोज डबे बडवून थकलो."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "काशिनाथ, ही रायफल डुकरांसाठी नाही. तिचा अपमान होतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या जनावरासाठी घडवलीय ती."

"बरं," तो म्हणाला. "मंग डुकराला सांगतो, जरा लांब जाऊन उभा रा, नि मोठा हो."

मी माजघरात जाऊन तोंडात फडकं कोंबून हसलो. पुढं कित्येक महिने गड्यांना तुमची नक्कल करून दाखवायचो. कुदळीचा दांडा खांद्याला लावायचा, एक डोळा मिटायचा, वारा बघायचा. एकदा करत होतो आणि वर बघतो तर तुम्ही खिडकीत. गडी पळाले. मी कुदळ धरून उभा, आता बिस्तरा बांधायचा म्हणून. तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, "वारा डावीकडून होता सुखदेव. तू उजवीकडून दाखवलास." आणि भाजीला पाणी सोडायला निघून गेलात.

अशा माणसाचं काय करायचं? हसायचं तरी किती?

आता उपकार लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल कागद एकतर्फी झाला. मी सहावीतून शाळा सोडलेला. तळोज्याला केमिकलच्या पिंपांसाठी लाकडी खोकी ठोकायचो. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा खिशात काही नव्हतं आणि छातीत तिथला वास भरलेला. खोकून खोकून रात्र जायची. तुमच्या व्हरांड्याचं दार बसवायला दोन दिवसांसाठी आलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, खिडकीही कुरकुरते. मग म्हणालात, कपाट. कपाट झाल्यावर काही उरलं नाही तेव्हा म्हणालात, "रोज पेपर मोठ्यानं वाचायला माणूस लागतो मला, डोळे दुखतात." डोळे दुखत नव्हते. साडेतीनशे वार दिसत होते तुम्हाला. मी अडखळत वाचायचो आणि तुम्ही डोळे मिटून चुका सांगायचात. आईला लिहिलेली पत्रंही लाल पेनानं तपासायचात. तुमच्या नादानं मी तिला लिहिलं, "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की माझी प्रकृती बरी आहे." गावच्या गुरुजींनी ते वाचून दाखवलं आणि आईला विचारलं, पोरगा सरकारी नोकरीत लागला का. ती पेढे वाटायच्या बेतात होती.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात आली होती. तोंडानं तुम्ही वाटेल ते सांगायचात, पण कागदावर खोटं लिहीत नव्हतात. वीजबिलाच्या तक्रारीतसुद्धा तुमच्या बाजूची चूक आधी लिहायचात. पुढं पोलीस ठाण्यात त्यानंच घात केला.

निवडणूक लागली होती. लायसन्सवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची, हे दर निवडणुकीचं. तुम्ही एरवी कोट घालून, रिक्षा करून, रायफल लेकरासारखी मांडीवर घेऊन जायचात. पण त्या रविवारी डॉक्टर सांगत होते, "नवा हवालदार आलाय, कडक आहे. प्रत्येक बंदूक उघडून, आतून बघून घेतो." तुमची बशी हातात तशीच राहिली. सोमवारी सकाळी तुमची कंबर धरली.

"तू जा," म्हणालात. "हे लायसन्सचं पुस्तक. पावती घे आणि ये."

रेशनची साखर आणायला पाठवावं तसं. एकाचं हत्यार दुसऱ्यानं घेऊन फिरायचं नसतं, हे मला कुठलं माहीत? तुम्हाला माहीत होतं की नाही, ते आजवर कळलं नाही. मी सोलापुरी चादरीत गुंडाळून, दोन गुडघ्यांत उभी धरून एस.टी.नं गेलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय रं त्यात?" म्हटलं, पडद्याची दांडी.

ठाण्यात रांग होती. माझ्या मागंच डॉक्टर आणि प्लॉटवाले, चामड्याच्या पिशव्यांत आपापली हत्यारं घेऊन. माझा नंबर आला. फौजदारांनी पुस्तक उघडलं.

"लायसन्स कोणाचं?"

"आप्पांचं जी."

"ते कुठायत?"

"कंबर धरली त्यांची."

"मग ही तुझ्या हातात कशी आली?"

"एस.टी.नं आली जी."

मागं कुणीतरी हसलं. फौजदार हसले नाहीत. "गाव?"

"नेरे."

"मूळ गाव?"

मी धानोरा सांगितलं, जिल्हाही सांगितला. त्यांचं पेन थांबलं. "गडचिरोली," ते हवालदाराला म्हणाले. "नक्षल्यांचा मुलूख. परवाना नाही, ओळख नाही, आणि ऐन निवडणुकीत लांब पल्ल्याची रायफल घेऊन एस.टी.त फिरतोय. बसव याला."

मला बाकावर बसवलं. मी डॉक्टरांकडं बघितलं. दर रविवारी दोनदा पोहे मागून घेणारा माणूस. फौजदारांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही नेऱ्याकडं जाता ना? ओळखता याला?"

डॉक्टर म्हणाले, "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

प्लॉटवाल्यांनी तर आपल्या लायसन्सच्या पुस्तकात डोकं घातलं, परीक्षेचा अभ्यास करायचा राहिल्यासारखं.

नेऱ्याच्या डेअरीत फोन गेला. दीड तासानं तुम्ही आलात. वर कोट, खाली घरातला लेंगा. कंबर चांगली सरळ होती. आधी तुम्ही हेडक्लार्कच्या आवाजात सुरुवात केलीत. "मीच पाठवलं याला. माझ्या सांगण्यावरून आला आहे."

"मग गुन्हा दोघांवर," फौजदार म्हणाले. "तुमचं वय बघून तुमचं नंतर पाहू. याला आज आत घ्यावं लागेल. चालू हत्यार आहे, खेळणं नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग रांगेकडं. डॉक्टर, प्लॉटवाले आणि आणखी दहाबारा माणसं. मग एवढ्या हळू बोललात की मला ऐकू आलं नाही. फौजदारांनाही नाही.

"काय?"

"चालू नाही ते," तुम्ही म्हणालात. "बोल्ट काढून बघा. आत पिन नाही. गोळी घातली तरी उडणार नाही."

हवालदारानं बोल्ट ओढून बाहेर घेतला, उलटासुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. "खरंच नाही साहेब. नुसती काठी हाय ही."

"पिन कुठाय?"

"गाढी नदीत. ज्या दिवशी रायफल घेतली त्याच दिवशी काढून टाकली."

"का?"

"भीती वाटते," तुम्ही म्हणालात.

सगळं ठाणं ऐकत होतं. फौजदारांनी खुर्ची मागं सरकवली. "मग घेतली कशाला?"

"सुंदर होती."

त्यांनी लेखी जबाब मागितला. हवालदार कागद ओढायला लागला तर तुम्ही म्हणालात, मी स्वतः लिहितो. लिहून झाल्यावर ते म्हणाले, वाचा. तुम्ही उभं राहून वाचलंत. मला तो पाठ आहे.

"सदर रायफलीत पिन नसून ती झाडता येत नाही. ती मी खरेदी केल्यापासून आजतागायत कोणत्याही प्राण्यावर अथवा अन्यत्र एकदाही झाडलेली नाही. तत्पूर्वीही मी कधी शिकार केलेली नाही. याविषयी मी वेळोवेळी जे सांगितले ते खरे नाही. सुखदेव हा माझ्या घरातील माणूस असून त्याचा यात काही दोष नाही."

डॉक्टरांना खोकला आला. कसला खोकला तो, हे सगळ्यांना कळलं.

फौजदारांनी रायफल जमा करून घेतली, पावती दिली, तुम्हाला दोन शब्द सुनावले आणि मला सोडलं.

रिक्षात बसल्यावर मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी भांडलो. आठवतं ना? "पहिली ओळ पुरे होती जी. पिन नाही, झालं. पुढचं कोणी विचारलं होतं? ते काहून लिहिलं?"

"कागद अपुरा राहिला असता."

"आता रविवारी त्या दोघांना तोंड कसं दाखवाल?"

तुम्ही बाहेर बघत होतात. "मंगलला सांगू नकोस," म्हणालात. "कुणालाच नको. शपथ घे."

मी शपथ घेतली आणि पुन्हा भांडायला लागलो. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. ज्या खोटेपणाला मी सहा वर्षं हसलो, तोच तुमची सगळी मिळकत होता आणि तो तुम्ही माझ्या एकट्यासाठी त्या टेबलावर उपडा केलात. मला ते पेलेना. उपकार पेलला नाही की माणूस तोंड सोडतो.

त्यानंतर तीन वर्षं तुम्ही एकही गोष्ट सांगितली नाहीत. ते दोघं यायचे थांबतील असं मला वाटलं होतं. ते अधिक नेमानं यायला लागले. पोहे खायचे, एकमेकांकडं बघायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "आप्पा, तो गवा होऊन जाऊ द्या ना."

"चहा घ्या," तुम्ही म्हणायचात.

"वारा कुठून होता हो?"

"साखर बघा, कमी असेल."

दर रविवारी. त्यांनी कधी उघड विचारलं नाही, कधी सोडलंही नाही. असली करमणूक फुकट कुठं मिळते? आप्पा, तुमच्या खोटेपणात निदान एक देखणा गवा होता. यांच्या खरेपणात काय होतं? एका म्हाताऱ्याला टोचायची सुई. मी त्यांना पोहे वाढत राहिलो, ही माझी लायकी. एकदाही ताटली ओढून घेतली नाही.

आता हेच दोघं हार घालणार. आणि त्यांना तो गवा माझ्या तोंडून हवा आहे.

वरचं परवा लिहिलं. काल तुमचं तेरावं झालं.

डॉक्टर आधी बोलले. वाघासारखा माणूस गेला म्हणाले. अचूक नेम, पोलादी मन. बोलताना प्लॉटवाल्यांकडं नजर गेली तेव्हा त्यांच्या गालात काहीतरी हललं. तुमच्या तेराव्यालाही त्यांना आवरलं नाही. मग मला उठवलं. प्लॉटवाल्यांनी मान हलवून खूण केली, हं, चालू दे.

मी खांबाला धरून उभा राहिलो. म्हणालो, "आप्पांनी आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नाही. ही रायफल उडत नाही. कधीच उडत नव्हती. डॉक्टरसाहेबांना माहीत आहे, ते त्या दिवशी तिथंच होते."

मग सगळं सांगितलं. एस.टी., ठाण्यातला बाक, चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, सगळं. तुमचा जबाब शब्द न् शब्द म्हटला. "घरातील माणूस" दोनदा म्हटलं. शपथ मोडली आप्पा. राहायची जागाही बहुतेक घालवली, कारण प्लॉटवाले न जेवता गेले. डॉक्टर जेवले. मान खाली घालून जेवले, पण जेवले.

पंगती उठल्यावर मंगलताई मागच्या अंगणात आल्या. मी पत्रावळी गोळा करत होतो. मला वाटलं, आता या मला जा म्हणणार. बापाची अब्रू काढली सगळ्यांपुढं.

"शिकारीचं मला लहानपणापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा फुटला होता एकदा. टाके मला पडले आणि चक्कर येऊन पडले बाबा. तो माणूस गवा मारतो होय?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत जी?"

"किती छान सांगायचे रे." त्या पायरीवर बसल्या. "पण ठाण्यातलं हे माहीत नव्हतं. जन्मभर सगळ्या खोट्या गोष्टी सांगत बसले आणि ही एक खरी होती ती सांगितली नाही."

मी पत्रावळी दुमडत राहिलो.

"तू काय म्हणालास त्यांना? सुटल्यावर?"

"भांडलो," मी म्हटलं. "पनवेल ते नेरे, अख्खा रस्ता भांडलो."

"आणि बाबा?"

"ऐकत होते जी. एकदाच मधे बोलले."

"काय?"

"म्हणाले, हळू बोल. घसा बसेल तुझा."